एकतीस मिलिलिटर

वरून तिसरा हुक लागेना, तेव्हा त्रिशला चौगुलेला आधी शिंप्याचाच राग आला.

सोमवारची सकाळ होती. दहा वाजता तिला कोल्हापुरात गुळाच्या बाजारात हजर व्हायचं होतं. त्रिशला वैधमापन खात्यात निरीक्षक होती. दुकानांतले काटे, बाजारातली वजनं, गाड्या चार्ज करायच्या खांबांवरचे मीटर खरे आहेत की खोटे हे तपासायचं आणि शिक्का मारायचा, हे तिचं काम. जयसिंगपूरपासून कोल्हापूरपर्यंतचे व्यापारी तिला ‘काटेवाल्या मॅडम’ म्हणत. निळा ब्लाउज तिने तीन आठवड्यांपूर्वी नव्या मापाने शिवून आणला होता. तेव्हा तो अंगावर असा बसला होता की ती आरशासमोरून हलायला तयार नव्हती. आता उजवीकडे कापड नीट होतं आणि डावीकडे शिवण इतकी ताणली गेली होती की टाके मोजता आले असते.

शिंप्याचा राग तिथेच विरला.

तिने हुक सोडले, पलंगाच्या कडेवर बसून फोन उघडला. पडद्यावर नेहमीचे दोन आकडे होते. उजवीकडे दोनशे चाळीस मिलिलिटर, डावीकडे दोनशे अठ्ठावन्न. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सर्व काही अपेक्षित मर्यादेत आहे.’

अठरा मिलिलिटर म्हणजे चहाचे साडेतीन चमचे. पण अंगाबरोबर शिवलेल्या ब्लाउजला तेवढंही पुरतं. तिने सैल कुर्ता चढवला आणि बाजार गाठला. दिवसभर ती काट्यांवर प्रमाण वजनं ठेवत राहिली, पण डावा हात छातीशी धरूनच. एका अडत्याने विचारलं, मॅडम, हात दुखावला का? ती हो म्हणाली.

तीन महिन्यांपूर्वी, संक्रांत झाल्यावर, त्रिशलाने स्तनांचा आकार वाढवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. ती एकोणचाळीस वर्षांची होती. मुलगी निधी झाल्यावर तिने दोन वर्षं अंगावर पाजलं, आणि ते सुटल्यावर छाती अशी ओसरली की तिथे कधी काही नव्हतंच असं वाटावं. पंधरा वर्षं ती आतून पॅड लावून वावरली. कुणाला काही दाखवायचं होतं असं नाही. अंघोळ करून आरशासमोर आल्यावर मान फिरवावी लागू नये, एवढीच तिची इच्छा होती. नवरा अभिनंदन रोपवाटिका चालवायचा. सरळ माणूस. तिने सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग ती हसत नाहीये हे पाहून गप्प झाला. दोन दिवसांनी म्हणाला, तुला करायचंच असेल तर कर, मी बरोबर येतो. बाकी सगळ्यांना, अगदी आईला आणि निवासी शाळेत असलेल्या निधीलाही, पित्ताशयाचं ऑपरेशन असं सांगितलं.

सिलिकॉनच्या पिशव्या बसवण्याचे दिवस तेव्हा सरत आले होते. नवीन पद्धतीला ‘अंकुर’ म्हणत. पोटाची किंवा मांडीची थोडी चरबी काढायची, तिच्यातल्या तरुण पेशी प्रयोगशाळेत निवडून वाढवायच्या आणि विरघळणाऱ्या बारीक जाळीवर पेरून ती जाळी छातीत बसवायची. शरीर आपलं, पेशी आपल्या, परकं काही नाही. प्रश्न एकच होता: वाढणाऱ्या पेशींना थांबवायचं कसं? त्यावरही शास्त्रज्ञांनी तोड काढली होती. जखम भरताना शरीर आसपासच्या पेशींना ‘वाढा’ असा एक रासायनिक निरोप धाडतं. त्या निरोपाच्या धर्तीवर त्यांनी एक गोळी बनवली आणि अंकुराच्या पेशींमध्ये असा बदल केला की ती गोळी रक्तात असेल तोवरच त्या दुप्पट-चौपट होतील. गोळी बंद, वाढ बंद. आठ आठवडे रोज सकाळी एक गोळी. नवव्या आठवड्यात मनासारखा आकार. आत तांदळाच्या दाण्याएवढे दोन मापक बसवलेले असत. ते दर सहा तासांनी फोनला आकडे कळवत.

सुरुवातीलाही त्रिशलाची सूज दोन्हीकडे सारखी नव्हती. पहिले तीन आठवडे उजवी बाजू वर आणि टणक, डावी खाली आणि मऊ. ती घाबरली होती, पण कोल्हापूरच्या डॉक्टर विश्वजित इनामदारांनी तिला समोर बसवून चित्र काढून समजावलं होतं. उजव्या हाताने आपण जास्त कामं करतो, त्या बाजूचा स्नायू जास्त ओढतो. शिवाय ऊतींमधलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या शस्त्रक्रियेत तुटतात. त्या पुन्हा जुळतात, पण प्रत्येक बाजू आपल्या सवडीने. एक बाजू आधी उतरते, दुसरी मागाहून. धीर धरा. आणि खरोखरच सहाव्या आठवड्यात दोन्ही बाजू जवळजवळ एकसारख्या झाल्या. आठव्या आठवड्यात गोळ्या संपल्या. आकडे दोनशे चाळीसवर थांबले.

आता बारावा आठवडा लागला होता. आणि डावी बाजू पुन्हा निघाली होती.

मंगळवारी वीस. गुरुवारी तेवीस. त्रिशलाने फोनवर विश्वास ठेवायचं सोडून टेप आणली. ती रोज सकाळी एकाच वेळी, एकाच जागी उभं राहून, श्वास अर्धा सोडून मोजायची आणि वहीत लिहायची. तिचं माप आणि फोनचं माप जुळत होतं. हिरवं वाक्य मात्र तसंच होतं. दुखत नव्हतं, ताप नव्हता, लाली नव्हती, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती. दुखलं असतं तर निदान काहीतरी बिघडलंय असं छातीने कबूल केलं असतं. ही वाढ अशी चालली होती, जणू आतल्या कुणाला घाई नाही आणि थांबायचंही नाही.

बसमध्ये बसली की ती हनुवटी खाली करून कुर्त्याची रेघ पाहायची. ऑफिसात फाइल छातीशी धरून चालायची. आईचा फोन आला की पित्ताशयाच्या पथ्याबद्दल बोलायची. आईने विचारलं, आवाज का असा? ती म्हणाली, ऊन फार आहे. एकदा तर तिला वाटलं, सगळं सांगून टाकावं. पण मग आईचं पहिलं वाक्य काय असेल ते तिला माहीत होतं. कुणी सांगितलं होतं तुला नसता उद्योग करायला? आजारी माणसाला आजाराची भीती वाटते. तिला भीतीबरोबर लाजही वाटत होती, आणि त्या दोघींनी मिळून तिचं तोंड बंद केलं होतं.

फरक एकतीस मिलिलिटर झाला त्या दिवशी तिने रजा टाकली आणि अभिनंदनला घेऊन इनामदारांकडे गेली.

इनामदारांनी सोनोग्राफी केली. पाणी साठलेलं नव्हतं, रक्त नव्हतं, पू नव्हता. नुसत्या पेशी होत्या, निरोगी, गुबगुबीत, भराभर वाढणाऱ्या. त्यांनी अंकुर बनवणाऱ्या कंपनीच्या सल्लागाराशी पडद्यावर बोलून घेतलं आणि हसतमुखाने परत आले. असं शंभरात पाच-सहा जणींना होतं, ते म्हणाले. काही पेशींना गोळीची सवय लागते, गोळी नसतानाही त्या चालू राहतात. त्यासाठी कंपनीने आधीच सोय केलेली आहे. अंकुराच्या प्रत्येक पेशीत दुसरीही एक कळ असते. शमन नावाचं औषध सुईने दिलं की त्या बाजूच्या चुकार पेशी आपोआप मरतात आणि शरीर त्यांना वाहून नेतं. चार दिवसांत दोन्ही बाजू सारख्या. शुक्रवारी या, पंधरा मिनिटांचं काम.

अभिनंदनने सुटकेचा श्वास टाकला. त्रिशलाने विचारलं, “पण डावीकडेच का?”

“शरीर आहे मॅडम, यंत्र नव्हे,” इनामदार म्हणाले. “दोन्हीकडे सारखं होईलच असं नाही.”

“पेशी एकाच डब्यातल्या होत्या ना? एकाच दिवशी पेरलेल्या?”

“हो.”

“मग सवय लागायची तर दोन्हीकडच्यांना लागायला हवी.”

इनामदार वाईट डॉक्टर नव्हते. त्यांनी सोनोग्राफीचं चित्र पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, इतकं खोलात गेलात तर झोप उडेल. आपल्याला उपायाशी मतलब. आणि त्यांनी शुक्रवारची वेळ लिहून दिली.

अंकुर करून घेतलेल्या बायकांचा एक गट फोनवर होता. पाच-सहाशे जणी होत्या, बहुतेक टोपणनावांनी. त्रिशला त्यात ‘टी’ या एका अक्षराने होती आणि तिने आजवर एक शब्दही लिहिला नव्हता. परतीच्या वाटेवर गाडीत तिने शमनबद्दल शोधलं. बऱ्याच जणींनी ती सुई घेतली होती. अमरावतीची एक लिहीत होती की सुई म्हणजे जादू. बार्शीची ज्योत्स्ना नावाची एक बाई अकरा महिन्यांपूर्वी अशीच घाबरून गटात रडली होती, आणि मग चार दिवसांनी तिने लिहिलं होतं: ‘झाल्या गं सारख्या. उगीच जीव टांगणीला लावला होता.’ खाली हसरे चेहरे. त्रिशलाला तिचा हेवा वाटला. शुक्रवारपर्यंत तीनच दिवस होते. तिनेही असंच लिहायचं ठरवून टाकलं.

पण बुधवारी इचलकरंजीत एका सूतव्यापाऱ्याकडे तपासणी होती. त्याचा मोठा काटा शून्यावर येत नव्हता. व्यापारी म्हणाला, मॅडम, तेवढं बटण दाबून शून्य करून घ्या, रोज आम्ही तसंच करतो. त्रिशलाने बटण दाबलं नाही. नोकरीतलं पहिलंच शिकलेलं काम तिने केलं, पाट उचलून खाली पाहिलं. खाली सुताचा एक चेपलेला गड्डा अडकला होता. तो काढून तिने शिक्का मारला, सही केली, आणि बाहेर येऊन गाडीत बसली. शुक्रवारी ती स्वतः ते बटण दाबून घेणार होती.

ती तशीच रोपवाटिकेत गेली. अभिनंदन गुलाबांच्या फांद्यांवर कलमाचे डोळे भरत बसला होता. तिने सांगितलं की ती आत्ताच सुई घेणार नाही. आधी त्या वाढत्या भागाचा तुकडा काढून कुणाकडून तरी तपासून घेणार.

त्याने हातातली सुरी खाली ठेवली. तो तिला खूप वेळ समजावत राहिला. डॉक्टर सांगतायत, कंपनी सांगतेय, शेकडो बायकांना गुण आलाय. तुकडा काढायचा म्हणजे पुन्हा जखम. पुन्हा सुट्टी, पुन्हा खोटं. आणि समजा काही निघालंच नाही तर? ती म्हणाली, नाही निघालं तर सुई घेईन. तो उठला, दोन वाफ्यांमधून पलीकडे गेला, परत आला.

“कुणी सांगितलं होतं तुला हे करायला?” तो म्हणाला.

आईकडून यायचं वाक्य त्याच्याकडून आलं. त्याचं त्यालाच ते वाक्य लागलं असावं, कारण तो मातीतच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. घामात माती मिसळून गालांवर रेघा उठल्या.

“मला भीती वाटतेय,” तो म्हणाला. “शुक्रवारी हे संपणार होतं. तू संपू देत नाहीयेस.”

“मलाही वाटतेय,” ती म्हणाली. “म्हणून तर.”

मिरजेला डॉक्टर नसीम मुजावर नावाच्या बाई होत्या. साठीच्या पुढच्या, ऊतींची तपासणी करणाऱ्या. त्यांच्या प्रयोगशाळेतले नाजूक तराजू त्रिशला दरवर्षी तपासून द्यायची. तेवढ्याच ओळखीवर ती गुरुवारी सकाळी त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा एका बाहेरच्या माणसाला तिने सगळं सांगितलं. सांगताना ती टेबलाच्या कडेकडे पाहत होती. मुजावरबाईंनी मध्ये एकदाही ‘का केलंस’ असं विचारलं नाही. त्यांनी वही मागितली, रोजची मापं वाचली, आणि म्हणाल्या, “इतकी नीट नोंद मला माझे विद्यार्थीही देत नाहीत.”

त्यांनी दोन तुकडे घेतले, एक उजवीकडचा आणि एक डावीकडचा. बारीक पोकळ सुईने, भूल देऊन. दुखलं ते भूल उतरल्यावर. अभिनंदन बाहेर गाडीत बसून होता. आत यायला सांगितलं तरी आला नाही, पण तिला बाहेर येताना पाहिलं आणि धावत येऊन दार उघडलं.

शुक्रवारची वेळ तिने रद्द केली. क्लिनिकमधून दोनदा फोन आला. मग कंपनीच्या एका गोड आवाजाच्या मुलीचा आला, की उशीर केल्यास त्वचा ताणून कायमच्या खुणा राहू शकतात. फरक छत्तीसवर गेला. त्वचा खरोखरच चमकायला लागली होती. ते तीन दिवस त्रिशलाला जन्मभर आठवले. ती भांडी घासत होती, काटे तपासत होती, निधीशी तिच्या परीक्षेबद्दल बोलत होती, आणि सगळा वेळ तिचं लक्ष डाव्या बाजूकडे होतं, शेजारच्या खोलीत अनोळखी माणूस येऊन राहिल्यासारखं. तो काही करत नाही, आवाज करत नाही, पण आहे.

सोमवारी मुजावरबाईंनी दोघांनाही बोलावलं. त्यांनी आधी चहा मागवला, आणि त्रिशलाला तेव्हाच कळलं.

“तुझ्या पेशी बिघडलेल्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “दोन्हीकडच्या अगदी एकसारख्या आहेत, सांगितलं तेवढंच ऐकणाऱ्या. उजवीकडच्या झोपल्या आहेत, कारण गोळी मिळत नाही. डावीकडच्या जाग्या आहेत, कारण त्यांना गोळी मिळतेय असं त्यांना वाटतंय.”

“मी गोळी दीड महिन्यापूर्वीच बंद केली.”

“तू बंद केलीस बेटा. आतून कुणीतरी देतंय.”

मुजावरबाईंनी मग सावकाश समजावलं. ‘वाढा’ हा निरोप फक्त जखमा धाडत नाहीत. कर्करोगाची गाठ जन्माला येते तेव्हा तीही तोच निरोप आजूबाजूला ओतत असते, कारण तिला रक्त हवं असतं, जागा हवी असते. एरवी तो निरोप इतका क्षीण असतो की कुठल्याही तपासणीत सापडत नाही. पण अंकुराच्या पेशींचे कान तर त्याच निरोपासाठी तयार केलेले. त्यांच्या शेजारी कुणी कुजबुजलं तरी त्यांना ऐकू जातं. त्या ऐकत होत्या आणि वाढत होत्या. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत काही दिसलं नाही, कारण तेव्हा दिसण्याजोगं काही नव्हतंच.

“आहेच असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण कुठे शोधायचं ते आता कळलंय.”

शोधलं. अंकुराच्या मागे, बरगडीला लागून, तिच्या स्वतःच्या ऊतीत, साडेचार मिलिमीटरचा एक ठिपका होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याचा अहवाल चार दिवसांनी आला आणि त्यात तोच शब्द होता.

त्रिशला रडली नाही. ती मुजावरबाईंच्या जिन्यात बसली. अभिनंदन तिच्या खालच्या पायरीवर बसला, तिच्या गुडघ्यांकडे तोंड करून. त्याने तिच्या चपलेचा निघालेला पट्टा लावला आणि तसाच हात ठेवून बसून राहिला. तिच्या मनात एकच वाक्य फिरत होतं: शुक्रवारी पंधरा मिनिटांचं काम होतं. सुईने त्या पेशी मेल्या असत्या, दोन्ही बाजू सारख्या झाल्या असत्या, ती गटात हसरा चेहरा टाकून मोकळी झाली असती. आणि ज्वारीचा दाणा आत राहिला असता.

त्या संध्याकाळी तिने आईला खरं सांगितलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “उद्या पहिल्या गाडीने येते.” ‘कुणी सांगितलं होतं तुला’ हे वाक्य तिने कधीच उच्चारलं नाही.

मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. ठिपका काढला, त्याच्याबरोबर डावीकडचा अंकुरही सगळा काढावा लागला. काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या. किरणोपचार करावे लागले, केमोची वेळ मात्र आली नाही. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर सापडलेली केस आम्ही क्वचितच पाहतो. त्रिशला आता एका बाजूला भरलेली आणि एका बाजूला सपाट होती, आणि आरशासमोर उभी राहिली की तिला हसावं की रडावं ते कळत नसे. निधीला तिने सुट्टीत सगळं सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं, टाक्यांची रेघ पाहायला मागितली, आणि मग आठवडाभर आईच्या खोलीतच गादी टाकली.

चालता यायला लागल्यावर त्रिशला अहवाल घेऊन इनामदारांकडे गेली. त्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला.

“मी आजवर सोळा जणींना शमन दिलंय,” ते म्हणाले.

त्यांनी तिच्यासमोरच कंपनीला लिहिलं, आणि आपल्या सोळा जणींना स्वतः फोन करायचं कबूल केलं. कंपनीचं उत्तर दहा दिवसांनी आलं. एका घटनेवरून निष्कर्ष काढता येत नाही, अभ्यास सुरू आहे, तोवर इतर रुग्णांमध्ये घबराट पसरवू नये. राज्यभरात किती जणींना सुई दिली तो आकडा त्यांनी दिला नाही. त्रिशलाने विचारला होता.

पुढे वर्षभरात काय झालं ते पुष्कळांना ठाऊक आहे. दोनशेहून जास्त बायका तपासून आल्या. नऊ जणींमध्ये गाठ निघाली. सात जणींची वेळेत, दोघींची नाही. शमन बंद झालं. मुजावरबाईंनी या सगळ्यावर लिहिलेल्या शोधनिबंधानंतर तीन प्रयोगशाळांनी त्याच पेशींचा मोहरीएवढा ठिपका त्वचेखाली बसवून गाठीची पहिली कुजबुज ऐकता येईल का, यावर काम सुरू केलं, आणि ते अजून चालू आहे. पण हे सगळं नंतरचं. जून महिन्याच्या त्या दुपारी त्रिशलाजवळ फक्त एक फोन होता आणि त्यात सहाशे बायकांचा तो गट.

तिने ‘टी’ हे अक्षर खोडलं. त्याजागी ‘त्रिशला अभिनंदन चौगुले, जयसिंगपूर’ असं लिहिलं. अभिनंदन शेजारी बसून पाहत होता. त्याला माहीत होतं की गटातून ते नाव बाहेर जाईल, रोपवाटिकेच्या गिऱ्हाइकांपर्यंत जाईल, तिच्या ऑफिसात जाईल, गुळाच्या बाजारात जाईल. तो एवढंच म्हणाला, आडनावाचं स्पेलिंग एकदा बघ.

तिने काय झालं ते लिहिलं, अहवाल जोडला, आणि पाठवला. पहिली पाच मिनिटं काहीच आलं नाही. मग एकामागून एक. कुणी विचारत होतं, हे खरं आहे का. कुणी म्हणत होतं, ताई, उगीच घाबरवू नका. दोघी तिघी गटातून निघून गेल्या. अमरावतीच्या बाईने लिहिलं की ती उद्याच तपासायला जातेय. बार्शीच्या ज्योत्स्नाच्या नावापुढे मात्र ‘वाचलं’ अशी खूण उमटली आणि पुढे काहीच नाही. तिने सुई घेतल्याला तेव्हा अकरा महिने झाले होते, आता तेरा.

त्रिशला अर्धा तास थांबली. मग तिने गटातून ज्योत्स्नाचा नंबर शोधून फोन लावला. स्वतःसाठी घाबरणं तिला आता सवयीचं झालं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरात आपल्या हाताने भीती नेऊन ठेवायची, हे नवीन होतं.

पाचव्या घंटीला फोन उचलला गेला. मागे कुकरची शिट्टी, टीव्ही, एका म्हाताऱ्या माणसाचं खोकणं, कुणीतरी ‘वहिनी’ म्हणून हाक मारत होतं.

“ज्योत्स्नाताई, मी त्रिशला चौगुले,” ती म्हणाली. “गटात आत्ता लिहिलं ते मीच.”

पलीकडून काही उत्तर आलं नाही. फोन ठेवलाही गेला नाही.

“तुमची सूज कुठल्या बाजूला होती?” त्रिशलाने विचारलं.

श्वास ऐकू येत होता. मग एक अगदी हलका आवाज आला, ओठांजवळ हात धरून बोलावं तसा.

“थांबा ताई. दार लावून येते.”